रंगाखालचे लोखंड : जुनी मेटाडोर घरी रंगवण्याविषयी काही गैरसमज

पुण्याच्या बजाज टेम्पो कारखान्यातून निघालेल्या ज्या मेटाडोर गाड्यांनी एके काळी विदर्भात धानाची पोती, लग्नाची वऱ्हाडे आणि शाळेची मुले सारख्याच इमानाने वाहिली, त्यांपैकी एखादी आजही भंडाऱ्याकडच्या एखाद्या अंगणात उभी असते. आणि तिच्या मालकाने मागचे बाक काढून तेथे निजण्याची फळी, पाण्याची टाकी व शेगडी बसवून कोका किंवा नागझिरा अभयारण्याच्या वाटेवर चार रात्री काढता येतील असे फिरते घर तिचे केले असेल, तर तिच्या रंगाचा प्रश्न केव्हा तरी त्याच्यापुढे येतोच. माझ्यापुढे तो गेल्या हिवाळ्यात आला. अंगणातील गाडी पाहून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक हितचिंतकाने सल्ला दिला, आणि त्यांतील पुष्कळसे सल्ले कामाच्या कसोटीस उतरले नाहीत. म्हणून ही कैफियत.

ब्रशाने दिलेला रंग हलका, गाडीस शोभणारा रंग फवाऱ्यानेच बसतो, हा समज सर्वांत दृढमूल आहे. इतिहास त्यास पुष्टी देत नाही. घोड्यांच्या बग्ग्या आणि पहिल्या पिढीच्या मोटारी ब्रशानेच रंगवल्या जात. थरावर थर देऊन, प्रत्येक थर घासून, शेवटी वॉर्निशाने त्यांना जी झळाळी येई ती मिळवण्यास आठवडेच्या आठवडे लागत, आणि कारखानदारांची खरी अडचण हा वेळ होती, रंगाची प्रत नव्हे. 1923 साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग ओकलंड मोटारींवर आला, आणि इतक्या झटपट सुकणाऱ्या रंगावर ब्रश फिरवण्यास अवधीच उरत नसल्यामुळे फवाऱ्याचे राज्य सुरू झाले. घरी वापरावयाचा सिंथेटिक इनॅमल मात्र सावकाश सुकतो, आणि हा सावकाशपणाच ब्रशाच्या पथ्यावर पडतो, कारण केसांनी उठलेल्या रेघा, रंग प्रवाही आहे तोवर, आपोआप सपाट होत जातात. फोमच्या लहान रोलरने हातभर रुंदीचा पट्टा पातळ रंगवावा, लगेच मऊ ब्रशाचे केवळ टोक, दाब न देता, एकाच दिशेने त्यावरून न्यावे, आणि पट्ट्याची कड ओली आहे तोच पुढचा पट्टा तिला भिडवावा. एकाने रोलर आणि दुसऱ्याने ब्रश धरला तर छपरासारखा मोठा पत्राही डाग न राहता होतो.

फवाऱ्याविरुद्ध माझे आणखी एक सांगणे आहे. दोन डब्यांचे जे पॉलियुरेथेन रंग मोटारींसाठी मिळतात, त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते मुळीच अडवीत नाही. ज्या अंगणात मुले खेळतात तेथे हा उद्योग कोणी करू नये.

दुसरा समज अधिक घातक आहे, तो असा की गंजावर रंग चढवला म्हणजे गंज दबतो. गंज सच्छिद्र असतो. तो आपल्या पोटात पाणी आणि हवा धरून ठेवतो, रंगाखाली आपले काम चालू ठेवतो, आणि ज्या लोखंडापासून तो झाला त्याहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे वरच्या रंगाला फोड आणून उचलून काढतो. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी ख्यात असलेले गाव. येथे ज्याने कल्हई होताना पाहिली आहे त्यास हे वेगळे सांगावयास नको. कल्हईवाला भांडे घासतो, तापवतो, त्यावर नवसागराची पूड फिरवतो आणि मगच कथील लावतो, कारण मळावर कथील धरत नाही. पत्र्याचेही तसेच आहे. छपराच्या कडेची पन्हळ, चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, खिडक्यांच्या रबराखालची जागा, म्हणजे जेथे पाणी अडून राहते त्या सर्व ठिकाणी पेचकसाचे टोक दाबून पाहावे. टोक आत गेले तर तो पत्रा संपला असे समजून तेवढा कापावा आणि नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा. भोकात लांबी भरून वरून रंग देण्याची प्रथा सर्रास आहे, पण पॉलिस्टर लांबी पाणी शोषते, आणि पाठीमागून ओल येत राहिली तर आतला पत्रा बाहेर दिसण्यापूर्वीच कुजतो.

घासण्याच्या आधी धुणे, हा क्रम उलटा करणारे अनेक आहेत. साबणाच्या पाण्याने आणि मग टर्पेंटाइनच्या फडक्याने तेलकटपणा काढल्यावाचून पॉलिश पेपर फिरवला तर तेच तेल ओरखड्यांत दाबले जाते, आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. गाडी चमकावी म्हणून डिझेलने पुसण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा, म्हणून कोरडी धूळ उडवू नये, पाणी लावूनच घासावे. मात्र उघडा पडलेला पत्रा लगेच कोरडा पुसून त्याच दिवशी प्रायमरखाली घ्यावा.

प्रायमर म्हटला की रेड ऑक्साइडचे नाव निघते, आणि एकदा तो मारला की गाडी पावसात महिनोन्‌महिने ठेवावी, असेही सांगितले जाते. त्याचा रंग लोह-ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच वर्णाचा. त्याचा एकटा थर ओल रोखून धरू शकत नाही, आणि वर इनॅमल चढला नाही तर तो निरुपयोगी ठरतो. शक्य असल्यास उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा.

आता सुकण्याविषयी. उन्हात रंग लवकर वाळतो, म्हणून उन्हातच द्यावा, असे मला चौघांनी तरी सांगितले. पण इनॅमल नुसता द्रव उडून सुकत नाही. आपल्याकडे धानाच्या बांध्यांत उतेऱ्यावर घेतात त्या जवसाचे तेल जसे हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, तशाच वाळणाऱ्या तेलांच्या अंशामुळे इनॅमलही हवेशी संयोग पावून कठीण होतो. तापलेल्या पत्र्यावर त्याची वरची साय आधी धरते आणि खालचा रंग ओला राहून ती आकसते, सुरकुतते; जाड थरालाही हाच दोष जडतो. म्हणून दोन-तीन पातळ थर, मधे एक रात्र, आणि दरम्यान 400 नंबरच्या पेपरचा हलका हात. घाईने एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनर ओतणाऱ्याचा रंग बिघडतो. इनॅमलास टर्पेंटाइन, तेही थोडेच. भंडाऱ्यात या कामास नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र दव विरल्यावर आरंभ करावा आणि सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी थांबावे. रंगलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळणाऱ्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ती पसरून वाळू द्यावीत. हाताला वरचा थर कोरडा लागला तरी आतला पुरता कठीण होण्यास आठवडे लागतात, म्हणून महिनाभर पॉलिशचे नाव काढू नये.

रंग आपला, गाडी आपली, तेव्हा सरकारचा संबंध काय, हाही एक गैरसमज. नोंदणीच्या दाखल्यावर गाडीच्या रंगाची नोंद असते; तोच रंग पुन्हा द्यावयाचा तर प्रश्न नाही, परंतु बदलावयाचा तर भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करून दाखल्यात दुरुस्ती करून घ्यावी. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 121 व्या नियमाने ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवला आहे. जंगलात गाडी झाकली जावी म्हणून तो निवडू पाहणाऱ्यास ही तरतूद ठाऊक असावी.

मी मूळचा पांढरा रंगच ठेवला, कारण पांढरा पत्रा ऊन परतवतो आणि येथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. पावसाळा संपल्यावर मी छपराची पन्हळ बोटाने चाचपत गेलो. जेथे दोन दिवस बसून पत्रा उजळेपर्यंत घासला होता, तेथे रंग तसाच होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जेथे संध्याकाळ होत आली म्हणून मी ब्रश आधी उचलला होता, तेथे मसुराएवढा एक तपकिरी फोड आला होता.