तोट्यातली बस कुणाची?

पीएमपीचे भाडे वाढले, फेऱ्या तुटल्या. पण या हिशोबात आपली वस्ती कुठे आहे?

आपल्यापैकी बहुतेक घरांत कुणाची तरी सकाळ बसच्या वेळेला बांधलेली असते. अप्पर इंदिरानगर, जनता वसाहत, ताडीवाला रोड, येरवडा, रामटेकडी, बोपोडी, दापोडी, कोणत्याही वस्तीच्या थांब्यावर सकाळी सहाच्या सुमारास उभे राहून पाहावे. झाडूकाम करणाऱ्या बाया असतात. धुणीभांडी, स्वयंपाकाला जाणाऱ्या मावश्या असतात. रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन असतात, ससूनमध्ये केसपेपर काढण्यासाठी लवकर निघालेले म्हातारे आईवडील असतात, थोड्या वेळाने दप्तर पाठीला लावलेली मुलेमुली येतात. यांतल्या कुणाच्याही दारात मोटार नाही. घरात एखादी दुचाकी असली तरी ती कमावत्या मुलाकडे असते. बाई, म्हातारा माणूस आणि शाळकरी पोर यांना बसच.

जुनी माणसे अजूनही तिला ‘पीएमटी’ म्हणतात. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी शहराची बससेवा पालिकेच्या हाती आली. १९७४ मध्ये पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी सुरू झाली. १९ ऑक्टोबर २००७ रोजी दोन्ही सेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे आजची पीएमपीएमएल, अशी कंपनी स्थापन झाली. गाडीचा रंग बदलला, नाव बदलले, सीएनजीच्या आणि विजेच्या गाड्या आल्या. थांब्यावर उभे राहणारे लोक मात्र फारसे बदलले नाहीत.

तूट म्हणजे काय?

मी कारकुनी करणारा माणूस. जमाखर्चाच्या वह्या रोज हाताखालून जातात, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिकिटाचे उत्पन्न आणि गाड्या चालवण्याचा खर्च यांत जो फरक पडतो त्याला ‘संचलन तूट’ म्हणतात. ही तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरून देते. रक्कम दरवर्षी शेकडो कोटींत जाते. अंदाजपत्रकाचे दिवस आले की बातमी ठरलेली असते, ‘पीएमपी तोट्यात’.

आता याच महापालिकेच्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलांचा खर्च असतो, रस्ते रुंद करण्याचा, डांबरीकरणाचा खर्च असतो. उड्डाणपुलावरून जाणारा मोटारवाला तिकीट काढत नाही. मग उड्डाणपूल तोट्यात आहे, असे कधी वाचले आहे का? तिथे खर्चाला ‘विकास’ म्हणतात आणि बसच्या खर्चाला ‘तोटा’ म्हणतात. पैसा एकाच तिजोरीतला आहे, त्यात आपल्या घरपट्टीचा, पाणीपट्टीचा आणि बाजारातल्या प्रत्येक वस्तूवर भरलेल्या कराचाही वाटा आहे. फरक आहे तो फक्त खाते कोणते आणि लाभ कुणाला, एवढाच.

कायद्यातही या गोष्टीचे मूळ आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, गटारे, साफसफाई ही पालिकेची बंधनकारक कामे सांगितली आहेत. बससेवा मात्र ऐच्छिक कामांत मोडते. पालिकेने पाणी देणे बंद केले तर तिला जाब विचारता येतो. बसची फेरी बंद केली तर ‘परवडत नाही’ एवढे उत्तर पुरते. पण ज्या बाईची रोजची मजुरी त्या फेरीवर अवलंबून आहे, तिच्यासाठी ती फेरी नळाच्या पाण्याइतकीच गरजेची आहे.

घरातला हिशोब

१ जून २०२५ पासून पीएमपीचे भाडे वाढले. कमीत कमी तिकीट ५ रुपये होते, ते १० रुपये झाले. दैनिक पास ४० रुपयांवरून ७० वर गेला आणि मासिक पास ९०० रुपयांवरून १५०० वर. महामंडळाचे म्हणणे असे की कित्येक वर्षांत भाडे वाढवले नव्हते, इंधन, पगार आणि सुटे भाग महागले. हे खोटे नाही. पण वाढ एका झटक्यात झाली, आणि ती कुणाच्या अंगावर पडली ते पाहिले पाहिजे.

नवराबायको दोघेही मासिक पास काढत असतील तर महिन्याला १८०० रुपये लागत होते, आता ३००० लागतात. वाढ १२०० रुपयांची, वर्षाला १४,४०० रुपयांची. १२०० रुपये हातात येण्यासाठी किती दिवस किती भांडी घासावी लागतात, ते आपल्या घरातल्या बायांनाच विचारावे.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी १५०० रुपये नसतात, तो रोज ७० रुपयांचा पास काढतो. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर १८२० रुपये होतात. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्यानेच ३२० रुपये जास्त मोजायचे! रोजंदारीवरच्या माणसाला ही गरिबीची पट्टी दर महिन्याला भरावी लागते.

आणि बस आलीच नाही तर? रिक्षाचे दर सप्टेंबर २०२२ मध्ये ठरले, त्यानुसार पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये. पाच किलोमीटरचे सुमारे ८५ रुपये होतात. एक बस चुकली की दिवसभराच्या पासापेक्षा जास्त पैसे एका खेपेला जातात. ते द्यायचे नसतील तर उशीर होतो. कामावरच्या बाई म्हणतात, ‘मावशी, आज परत उशीर?’ ठेकेदाराच्या हजेरीपटावर अर्धा दिवस कापला जातो. महामंडळाच्या वहीत एक फेरी वाचली अशी नोंद होते. आपल्या वहीत अर्ध्या दिवसाची मजुरी गेलेली असते. हा तोटा कुणाच्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

मार्ग कसा मरतो

एखादा मार्ग एकदम बंद होत नाही. आधी दर वीस मिनिटांनी येणारी गाडी चाळीस मिनिटांनी येऊ लागते. मधली एखादी गाडी ब्रेकडाऊन होते आणि तिच्याऐवजी दुसरी येत नाही. ज्यांना शक्य आहे ते कर्ज काढून दुचाकी घेतात. प्रवासी कमी झाले की उत्पन्न घटते. मग त्या मार्गावर ‘कमी उत्पन्नाचा’ असा शिक्का बसतो आणि आणखी फेऱ्या कमी होतात. शेवटी थांब्यावर तेच उरतात ज्यांना दुसरा मार्गच नाही.

ठेकेदाराच्या गाड्यांचाही यात भाग आहे. पीएमपीच्या बऱ्याच गाड्या ठेकेदारांच्या आहेत आणि त्यांना किलोमीटरप्रमाणे पैसे द्यावे लागतात. गाडी भरून धावो वा रिकामी, बिल होतेच. त्यामुळे पैशांची ओढाताण झाली की पहिली नजर जाते ती कडेच्या मार्गांवर, पहाटेच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांवर. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी गाड्या बंद ठेवल्या, तेव्हा शहरभर थांब्यांवर गर्दी साचली होती. भांडण महामंडळ आणि ठेकेदार यांचे, ताटकळत उभे राहिले ते प्रवासी.

शहराबाहेरच्या गावांचा अनुभव आणखी कडू आहे. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात पीएमपीने आसपासच्या तालुक्यांत गाड्या वाढवल्या. लोकांना सवय झाली, मुलींनी लांबच्या कॉलेजांत प्रवेश घेतले, बाया हडपसर-स्वारगेटच्या कामांना लागल्या. एसटी पुन्हा सुरू झाल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएमपीने ग्रामीण भागातले बरेच मार्ग बंद करण्याचा निर्णय घेतला. हडपसर-जेजुरी, सासवड-उरुळी कांचन असे मार्ग त्या यादीत होते. एसटीचे उत्पन्न बुडते आणि पीएमपीला तोटा होतो, ही त्यामागची कारणे. दोन सरकारी संस्थांनी आपापली हद्द आखून घेतली. ज्या मुलीने बसच्या भरवशावर कॉलेज निवडले होते, तिला मात्र कुणी विचारले नाही.

गाड्या मुळातच कमी आहेत. केंद्र सरकारच्या शहरी वाहतुकीच्या निकषांत उत्तम सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० बस सांगितल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत पुणे पालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यांनीही सुमारे २९०० बस लागतात. पीएमपीचा ताफा दोन हजारांच्या आसपास आहे. त्यानंतर लोकसंख्या वाढली, २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे पालिकेत आली. मेट्रो मार्च २०२२ पासून धावू लागली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण मेट्रो वस्तीच्या तोंडाशी येत नाही. स्टेशनापर्यंत जायला पुन्हा बसच लागते.

तिकीट जात विचारत नाही

आपल्या लोकांसाठी बसची किंमत फक्त रुपयांत मोजता येणार नाही. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान बैलगाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि मुलांनीच गाडी हाकायची, या अटीवर एक गाडीवान तयार झाला आणि तो गाडीबरोबर पायी चालला. हा प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

सरकारी बसमध्ये पैसे दिले की तिकीट मिळते, रिकामी असेल त्या जागेवर बसता येते, कंडक्टर जात विचारू शकत नाही. म्हणून सार्वजनिक बस ही नुसती सोय नाही, ती समतेची जागा आहे. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या काळ्या स्त्रीने बसमधली जागा सोडायला नकार दिला. त्यानंतर तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. घरकाम करणाऱ्या स्त्रिया मैलोन्‌मैल पायी गेल्या. बस कंपनीचे बहुतेक प्रवासी तेच होते, म्हणून कंपनीचा गल्ला आटला. बस ज्यांच्या तिकिटांवर चालते त्यांची ताकद काय असते, हे जगाने तेव्हा पाहिले.

पैसा कुठून येतो ते ठरवण्यावर आहे

‘सवलत कुठवर द्यायची?’ असे विचारणारे भेटतात. त्यांना चार उदाहरणे सांगावीत. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून, तामिळनाडूत साध्या शहर बसमध्ये २०२१ पासून आणि कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांना मोफत प्रवास सुरू झाला. आपल्याच राज्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. पण त्या निर्णयात पीएमपी नव्हती. स्वारगेटहून साताऱ्याला जाणाऱ्या बाईला अर्धे तिकीट, आणि स्वारगेटहून कात्रजला कामाला जाणाऱ्या बाईला पूर्ण! दर महिन्याच्या ८ तारखेला ‘तेजस्विनी’ गाड्यांत स्त्रियांना मोफत प्रवास असतो, पण कामावर रोज जावे लागते.

पुण्यातही इच्छा असली की मार्ग निघतो. महापालिका शाळांतल्या मुलांना मोफत पास मिळतो, खासगी शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांना पालिका मोठी सवलत देते. १ जानेवारीला पेरणे फाट्याला लाखोंचा समाज लोटतो, तेव्हा वाहनतळापासून विजयस्तंभापर्यंत पीएमपीच्या शेकडो मोफत गाड्या अखंड फेऱ्या मारतात. एक दिवस नीट नियोजन होऊ शकते तर बाकीच्या दिवशी पहाटेची एक फेरी वेळेवर का सुटू नये?

आपण काय करू शकतो

नुसते थांब्यावर उभे राहून चरफडण्याने काही होत नाही. काही साध्या गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, नोंद ठेवा. वस्तीतल्या दोनतीन शिकलेल्या मुलामुलींनी पंधरा दिवस थांब्यावर वही घेऊन बसावे. कोणती गाडी किती वाजता यायची होती, किती वाजता आली, कोणती आलीच नाही, हे लिहावे. ‘बस येत नाही’ ही तक्रार विसरली जाते. तारीखवार लिहिलेली वही बाजूला सारता येत नाही.

दुसरी, माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या कायद्याने १० रुपयांच्या अर्जात तुमच्या मार्गावर किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि किती रद्द झाल्या, हे विचारता येते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही शुल्क नाही. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपली वही आणि त्यांचे उत्तर शेजारी ठेवून पाहा.

तिसरी, बचत गटांनी पासासाठी उचल द्यावी. महिन्याच्या सुरुवातीला १५०० रुपये द्यायचे आणि आठवड्याने हप्ते घ्यायचे. रोजचा पास काढणाऱ्या बहिणीचे ३२० रुपये वाचतात.

चौथी, नगरसेवकाला विचारा. मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेत प्रशासकाचा कारभार होता, २०२५ ची भाडेवाढ त्याच काळातली. जाब विचारायला निवडून दिलेला माणूस नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता ज्यांनी आपल्या दारात येऊन मत मागितले, त्यांच्या दारात आपण वही घेऊन जायचे. मागणी नेमकी ठेवायची. आमच्या वस्तीची पहाटेची आणि रात्रीची फेरी तुटता कामा नये. मार्ग बंद करण्याआधी प्रवाशांचे म्हणणे ऐकले पाहिजे. एसटीसारखी अर्ध्या तिकिटाची सवलत पीएमपीतही स्त्रियांना मिळाली पाहिजे, आणि तिचा भार राज्य सरकारने उचलला पाहिजे.

बसला दिलेला पैसा बुडत नाही. तो मजुरीच्या रूपाने, शाळेच्या हजेरीच्या रूपाने, वेळेवर मिळालेल्या औषधाच्या रूपाने आपल्या घरांत येतो. हा जमेचा रकाना आपणच भरून त्यांच्यापुढे ठेवला पाहिजे, कारण दुसरे कुणी तो भरणार नाही.