‘एवढं सोपं, त्याला पेटंट कसलं?’

किसणी, चाळणी, कपड्यांचा चिमटा अशा वस्तूत कुणी सुधारणा केली की घरातूनच शेरा येतो, ‘हे कुणालाही सुचलं असतं!’ १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याचा प्रश्नही साधारण हाच आहे. मात्र हा ‘कुणीही’ म्हणजे त्या कामातला जाणकार, आणि त्याला ते अर्ज दाखल होण्याआधी सुचायला हवं होतं. वस्तू पाहिल्यावर तर सगळ्यांनाच सुचतं.

गैरसमज : वस्तू साधी, म्हणजे पेटंट नाही.
वस्तुस्थिती : ब्रिटनमधल्या मँडी हॅबरमन यांनी लहान मुलांच्या कपाच्या तोटीत चीर असलेली झडप बसवली. मूल ओढतं तेव्हा ती उघडते, थांबलं की मिटते; कप कलंडला तरी सांडत नाही. ‘यात उघडच आहे सगळं’ हा प्रतिस्पर्ध्याचा बचाव न्यायालयाने १९९९ मध्ये फेटाळला. सांडासांडीची कटकट जुनी होती, लागणारं सामान हाताशी होतं, तरीही त्या धंद्यातल्या कुणी वर्षानुवर्षं हे केलं नव्हतं.

गैरसमज : दोन वस्तू जोडल्या की शोध झाला.
वस्तुस्थिती : कायद्याचं कलम ३(एफ) अशी नुसती जुळवाजुळव नाकारतं. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेतली उदाहरणंच बोलकी आहेत : टॉर्च लावलेली बादली, पंखा बसवलेली छत्री. बादली पाणी धरते, टॉर्च उजेड देतो. एकामुळे दुसऱ्याच्या कामात फरक पडत नाही. दोन्ही भाग मिळून वेगळाच परिणाम साधत असतील, तरच पुढचा विचार होतो.

गैरसमज : काम अधिक चांगलं होतं, म्हणजे पेटंट मिळणारच.
वस्तुस्थिती : मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या दोन व्यावसायिकांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. भांडं लेथवर घट्ट धरण्याच्या सुधारित पद्धतीचं पेटंट एकाकडे होतं. १९७८ मध्ये ते रद्द ठरलं. ज्ञात गोष्टींवरची सुधारणा कारखान्यातल्या नेहमीच्या दुरुस्तीपेक्षा काही अधिक असली पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं.

गैरसमज : दुकानात दिसत नाही, म्हणजे नवीन आहे.
वस्तुस्थिती : जगात कुठेही आधी छापून आलेली माहिती आड येऊ शकते. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्यासाठी जुने ग्रंथ आणि लेख पुराव्यादाखल दिले होते. तेव्हा आधी जुनी पेटंटं धुंडाळावीत, आणि अर्जापूर्वी आपल्या वस्तूचा व्हिडिओ टाकू नये. तोही आपल्याच विरुद्धचा पुरावा ठरू शकतो.

अर्जात वस्तूच्या गुणगानापेक्षा अडचण किती जुनी आहे, आधीचे उपाय कुठे अडले आणि आपण नेमका कोणता बदल केला, हे मांडावं. ‘कुणालाही सुचलं असतं’ याला ‘मग आजवर का सुचलं नाही?’ हे उत्तर तेव्हाच वजनदार ठरतं.