परदेशी लग्न लावताना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या काळी वधू फार तर दोन गावांपलीकडची असे आणि दोन्ही घरांची हकीकत उभय गावांच्या धर्मगुरूंस तोंडपाठ असे. आज पांडेसऱ्याच्या रंगाईच्या गिरण्यांत हयात घालविलेल्या बापाचा मुलगा दुबईस नोकरीला असतो, त्याची नियोजित वधू कुवेतच्या रुग्णालयात परिचारिका असते, आणि दोघांच्या रजा काही केल्या एका महिन्यात जुळत नाहीत. मग साहजिकच विचार निघतो की, लग्न तिकडेच का लावू नये?

असाच विचार मनात घेऊन आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ नुकतेच आमच्याकडे आले होते. ते म्हणाले, "फादर, आपल्या देवमंदिरात लग्न लागले की ते पक्के होते ना? मग तिकडच्या देवमंदिरात लागले तर त्यात निराळे काय?" प्रश्न साधा होता, पण सारी मेख त्यातच होती. आणखी पुष्कळ घरांत हाच समज असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहो.

आपल्या देशात १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने धर्मगुरूस विवाह लावण्याचा अधिकार मान्य केला आहे. त्यामुळे वेदीपुढे वधूवर जे वचन देतात, त्याच वचनाने ते देवासमोर आणि राज्यासमोर एकाच क्षणी पतिपत्नी होतात. गुजरातेत २००६ च्या कायद्याप्रमाणे विवाहनिबंधकाकडे नोंद करावी लागते हे खरे; परंतु ती झालेल्या विवाहाची नोंद होय, दुसरा विवाह नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ही सोय अंगवळणी पडल्यामुळे जगात सर्वत्र असेच चालते, असा आपला ग्रह होऊन बसला आहे.

तसे ते चालत नाही. दूर कशाला, गोव्याचेच पाहा. तेथे १८७२ चा हा कायदा लागू नाही. पोर्तुगीज अमदानीतील विवाहविषयक कायदा अद्याप चालू आहे. कॅथोलिक वधूवरांस प्रथम दिवाणी निबंधकापुढे विवाहाचा इरादा जाहीर करावा लागतो, आणि त्याचा ना-हरकत दाखला हाती आल्यावरच धर्मगुरू विवाह लावतात. आपल्या शेजारचे दमणसुद्धा डिसेंबर १९६१ पर्यंत परराज्यच होते. सुरतेहून आगगाडीने वापीस उतरून पलीकडे गेले की लग्नाचा कायदा बदलत असे. फ्रान्समध्ये दिवाणी विवाह आधी झाला पाहिजे, धर्मविधी मागाहून. इटलीत मात्र १९२९ च्या करारान्वये देवमंदिरातील विवाहास नोंदणीनंतर दिवाणी मान्यता मिळते. इंग्लंड व वेल्समध्ये नोंदणी कार्यालयास २८ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि केवळ लग्नासाठी जाणाऱ्या परकीय नागरिकास त्याच हेतूचा व्हिसा घ्यावा लागतो. साध्या पर्यटकाच्या व्हिसावर तेथे लग्न लावता येत नाही.

आखाती देशांची गोष्ट आणखी निराळी. दुबईत सेंट मेरीचे देवमंदिर १९६७ साली, शेख रशीद यांनी दिलेल्या जमिनीवर उभे राहिले, आणि तेथे आपल्या अनेक बांधवांचे विवाह झाले आहेत. अबू धाबीत २०२१ पासून, व साऱ्या संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी २०२३ पासून, मुस्लिमेतरांसाठी दिवाणी विवाहाचा स्वतंत्र कायदा आहे. त्या कायद्याने लागलेले लग्न त्या राज्याच्या दृष्टीने पक्के. परंतु कॅथोलिक वधूवरांस तेवढे पुरत नाही. अधिकृत धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमक्ष विवाह झाला पाहिजे, हा नियम ख्रिस्तसभेने ट्रेंट येथील परिषदेत १५६३ साली घातला व तो आजही पाळला जातो. उलटपक्षी, देवमंदिरात संस्कार झाला म्हणजे तेथील सरकारी नोंद आपोआप झाली, असेही कोणी गृहीत धरू नये. तेथील धर्मगुरूंस आधी पत्र लिहून विचारावे, हाच सुरक्षित मार्ग.

यात एवढे बिघडते काय, असे तरुणांस वाटेल. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरातील कन्येचा विवाह अशाच एका दूरच्या शहरी देवमंदिरात यथासांग झाला. तीन वर्षांनी तिचा पती कामावर असता अपघाताने गेला. त्याचे येणे असलेले पैसे ती मागावयास गेली, तेव्हा "तुम्ही त्यांच्या पत्नी कशावरून?" असा सवाल तिला झाला. देवासमोर ती पत्नी होती, सासरी सून होती, तिच्या कडेवर त्याचे मूल होते. पण त्या देशाच्या एकाही दप्तरात तिचे नाव नव्हते. पैसे अखेर मिळाले, परंतु दीड वर्षाने. तोवर लग्नातले दागिने एकेक करून मोडले गेले होते. कागदाची उणीव आनंदाच्या दिवशी कोणाला दिसत नाही. ती दिसते दुःखाच्या दिवशी, आणि तिचा भार बहुधा स्त्रीवर पडतो.

आता आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. परदेशी विवाहांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. वधूवरांपैकी निदान एक भारताचा नागरिक असला पाहिजे. वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण असावे. दोघांपैकी कोणाचाही विवाहाचा जोडीदार हयात नसावा. दोघेही संमती देण्यास मनाने समर्थ असावे. आणि नाते निषिद्ध असू नये. या अटी पुऱ्या होत असतील तर भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न लावता येते. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या ठिकाणी नोटीस देण्यापूर्वी सलग ३० दिवस राहिलेले असावे लागते. नोटीस तेथे व येथे प्रसिद्ध होते, हरकत घेण्यास ३० दिवसांची मुदत असते, आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटिशीपासून सहा महिन्यांत विवाह न झाल्यास ती नोटीस रद्द होते. त्या देशाचा कायदाच अशा विवाहाच्या आड येत असेल तर अधिकारी नकारही देऊ शकतो. मात्र विवाह त्या देशाच्या कायद्याप्रमाणे रीतसर झाला असेल आणि वरील अटी पुऱ्या होत असतील, तर मागाहून त्याची नोंद आपल्या वकिलातीत करून घेण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ही नोंद अवश्य करून घ्यावी.

नोटीस लावण्याची ही पद्धत कित्येकांस अपमानाची वाटते. परंतु देवमंदिरात लग्नाची घोषणा करावी, असे ख्रिस्तसभेने १२१५ सालीच ठरविले होते. हेतू एकच: वर खरोखर मोकळा आहे ना, वधू स्वखुशीने उभी आहे ना, हे लोकांच्या साक्षीने कळावे. हजार कोसांवर राहणाऱ्या मुलाविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस करता येत नाही. म्हणून तेथे कागद शेजाऱ्याचे काम करतो. मुलीच्या आईबापांनी असे कागद मागितले तर मुलाकडच्यांनी तो अविश्वास मानू नये. आणि मुलाकडून टाळाटाळ होऊ लागली तर मुलीकडच्यांनी तारीख पुढे ढकलावी, पण कागदांचा आग्रह सोडू नये.

ख्रिस्तसभेच्या बाजूने लागणारी कागदपत्रे अशी. स्नानसंस्काराचा दाखला नवा, सहा महिन्यांच्या आतला असावा; कारण विवाह झाल्यावर त्याची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदवहीत होते, आणि नवा दाखलाच मनुष्य मोकळा असल्याची साक्ष देऊ शकतो. त्याबरोबर दृढीकरणाचा दाखला, विवाहपूर्व शिक्षणाचे प्रमाणपत्र, आणि विवाहास अडथळा नसल्याचे स्वतःच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचे पत्र लागते. ही सारी कागदपत्रे धर्मप्रांताच्या कार्यालयामार्फत रवाना होतात. जोडीदार ख्रिस्ती नसेल तर महागुरूंची सवलत आधी मिळवावी लागते. सरकारी बाजूने जन्मदाखला, पारपत्र व अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतात. ज्या देशांनी हेगचा करार मान्य केला आहे, त्यांच्यासाठी २००५ पासून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल शिक्का चालतो. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो.

उपरोक्त गृहस्थांच्या घरी अडचण निघाली ती नावाची. मुलाचा स्नानसंस्कार अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील त्यांच्या मूळ गावी झालेला. तेथील नोंदवहीत नाव योसेफ. शाळेत घातले तेव्हा मास्तरांनी लिहून घेतले दिलीप, आणि पारपत्रही त्याच नावाचे. आपल्या घराघरांत अशी दोन-दोन नावे आहेत. घरात त्याचे काही अडत नाही. परदेशच्या कार्यालयात मात्र योसेफ आणि दिलीप ही दोन माणसे ठरतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र व गावच्या धर्मगुरूंचा खुलासा मिळविण्यात पाच आठवडे गेले. तारीख आधी ठरली असती, आमंत्रणे वाटली गेली असती, तर त्या पित्याची काय अवस्था झाली असती!

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, परदेशी लग्न करावयाचे असेल तर निदान सहा महिने आधी आपल्या धर्मगुरूंकडे यावे, आणि तीन दप्तरांत नाव लागेपर्यंत स्वस्थ बसू नये: जेथे विवाह होतो त्या देशाचे, आपल्या मायदेशाचे, आणि ख्रिस्तसभेचे. विवाहानंतर त्याची खबर आपल्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामास पोहोचली की नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

पवित्र शास्त्रातील तोबीतच्या पुस्तकात एका तरुणाचे लग्न घरापासून दूर, परमुलुखातच लागते. तोबियास निनवेहून निघून मेदी देशातील एक्बताना येथे रगुएलाच्या घरी पोहोचतो. प्रत्यक्ष देवदूत राफाएल त्याच्या सोबतीला असतो. तरीही कन्येचा हात तोबियासाच्या हाती दिल्यावर रगुएल आपल्या पत्नीस लिहिण्याचे साहित्य आणावयास सांगतो आणि विवाहाचा लेख लिहून देतो. मगच मंडळी जेवावयास बसतात. देवदूत पाठीशी असतानाही त्या बापाने कागद करण्याचे टाळले नाही. आपणही टाळू नये.