निवासी डॉक्टरचा अर्धा दिवस किती तासांचा?

संध्याकाळी सहाच्या सुमाराला लातूरच्या उद्योग भवन परिसरातून किंवा नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगरमधून गाडी काढणं अवघड असतं. शिकवणीची एक बॅच सुटलेली, दुसरी आत शिरायच्या घाईत, मधे वडापावचे गाडे आणि स्कूटी-सायकलींची गर्दी. औसा, कंधार, गंगाखेड, अगदी सीमेपलीकडच्या भालकी-औरादहून आलेली ही पोरं-पोरी खोली करून किंवा मेसचा डबा लावून राहतात, ती एका ‘नीट’साठी. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला डॉक्टरकीचं वेड लावलं. ते मुलींच्या घरापर्यंत पोचलं, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. शेत विकून का होईना, पोरीला क्लासला घालणारे बाप इथं भेटतात.

या बापांना पुढचा हिशेब मात्र कुणी सांगत नाही. एमबीबीएस साडेपाच वर्षांचं. मग बंधपत्राची सेवा किंवा ‘नीट-पीजी’ची तयारी, बहुतेकदा दोन्ही. त्यानंतर एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. अठराव्या वर्षी धरलेली वाट सगळं सुरळीत गेलं तरी अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी संपते. म्हणजे लग्न, पहिलं बाळंतपण, गावाकडे अंथरुणाला खिळलेले आजोबा, स्वतःचं दुखणं, हे सगळं नेमकं निवासी डॉक्टर असण्याच्या तीन वर्षांत येऊन पडतं. मग प्रश्न पडतो, की हे शिक्षण कमी वेळाच्या नोकरीसारखं, थोडं लांबवून, पुरं करता येतं का?

भारतात याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डिसेंबर २०२३च्या अखेरीस पदव्युत्तर शिक्षणाचे नवे नियम काढले. सर्व पदव्युत्तर विद्यार्थी पूर्णवेळ निवासी डॉक्टर म्हणूनच काम करतील, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याआधी २०००च्या नियमांतही हेच होतं. नव्या नियमांत एक वाक्य वाढलं: कामाचे तास ‘वाजवी’ असावेत आणि दिवसात विश्रांतीला ‘वाजवी’ वेळ मिळावा. वर्षाला वीस दिवस रजा, पाच दिवस शैक्षणिक रजा आणि कामाची निकड नसेल तर आठवड्याची एक सुट्टी. प्रसूती रजा सरकारी नियमांप्रमाणे मिळते. हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली, की परीक्षेला बसता येत नाही.

वाजवी म्हणजे किती, हे नियमांनी सांगितलेलं नाही. आकडा शोधायचा तर मागं, १९९२ पर्यंत जावं लागतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं निवासी डॉक्टरांसाठी जे निर्देश दिले, त्यांत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही, असं म्हटलं होतं. पुढं २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आयोगानं नेमलेल्या कृती दलानं शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास आणि सलग २४ तासांची. बत्तीस वर्षांत ‘सुधारणा’ झाली ती ४८ वरून ७४ वर, आणि आज निवासी डॉक्टरांना तेही स्वागतार्ह वाटतं. त्याच कृती दलाच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांनी आठवड्याची सुट्टी मिळत नाही असं सांगितलं.

आता थोडा गुणाकार करू. ब्रिटनमध्ये कमी वेळ काम करणारा प्रशिक्षणार्थी डॉक्टर अनेकदा ६० टक्के काम करतो. आपल्या ७४ तासांचे ६० टक्के म्हणजे साडेचव्वेचाळीस तासांना थोडं कमी. मोठ्या शाखांत प्रत्यक्षात ९० तास भरतात असं धरलं, तर ६० टक्के म्हणजे ५४. राज्य सरकारी कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. पावणेदहा ते सव्वासहा, मधे अर्धा तास जेवणाची सुट्टी. आठवड्याचे ४० तास. म्हणजे निवासी डॉक्टरनं ‘अर्धवेळ’ काम मागितलं, तर तो मंत्रालयातल्या पूर्णवेळ कारकुनापेक्षा जास्तच काम मागत असतो. आळशी, सुखासीन, सवलत मागणारे वगैरे जी विशेषणं या मागणीला चिकटवली जातात, ती देण्याआधी एवढं गणित तरी पाहावं.

पूर्णवेळ म्हणजे नेमकं काय, हे समजायला मेडिसिनच्या एका युनिटमध्ये डोकावून येऊ. समजा, युनिटमध्ये सहा निवासी आहेत, प्रत्येक वर्षाचे दोन-दोन. आठवड्यातला एक दिवस त्यांचा ‘इमर्जन्सी’चा. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मेडिसिनचं जे काही कॅज्युअल्टीत येईल, ते यांचं. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी, सातला वॉर्डात येतो, कारण राउंडच्या आधी आदल्या रात्रीचे रिपोर्ट हातात हवेत. रक्ताचे नमुने काढायचे, फॉर्म भरायचे, रक्तपेढीत माणूस पाठवायचा. माणूस नसेल तर स्वतः जायचं. वॉर्डातले मामा दुसरीकडं गेलेले असतील तर स्ट्रेचरही त्यानंच ढकलायचं. किनवट-माहूरकडून, हिंगोलीकडून, तेलंगणातल्या भैंशाकडून रेफर झालेले रुग्ण नांदेडला येतात ते बहुधा रात्रीच. विष प्यालेला, साप चावलेला, झटके येणारा, धाप लागलेली म्हातारी. लातूरला तशाच गाड्या उदगीर, निलंगा, उमरग्याहून येतात. सकाळ उजाडते आणि ‘पोस्ट-इमर्जन्सी’ सुरू होते: रात्री दाखल झालेल्या प्रत्येकाची माहिती सरांना द्यायची, डिस्चार्ज कार्डं लिहायची, ओपीडी उरकायची. संध्याकाळी पाच-सहाला खोलीवर गेलेला हा माणूस चौतीस-पस्तीस तास जागा असतो. मधे कुठंतरी प्रबंध लिहायचा असतो आणि लॉगबुकात सही घ्यायची असते.

ड्युटी लिस्ट लावायचं काम सहसा थर्ड इयरकडं असतं. सहा नावं, तीस दिवस. त्यात जिल्हा निवासी कार्यक्रम आला, की एकेक जण तीन महिने जिल्हा रुग्णालयात जाणार, म्हणजे पाच नावं. एखादी बाळंतपणाच्या रजेवर गेली, की चार. तिच्या जागी नवा माणूस येत नाही. तिच्या रात्री उरलेल्या चौघांत वाटल्या जातात. म्हणून पोटुशी असलेली जेआर-टू बातमी सांगताना आधी घरी फोन करत नाही, ती आधी को-पीजींना सांगते, तेही अपराधी चेहऱ्यानं.

मग सुरू होते ‘ॲडजस्टमेंट’. सातव्या महिन्यापासून तिला ओपीडी आणि दिवसाचा वॉर्ड, रात्री दुसऱ्यांच्या. परत आली की तिनं त्या फेडायच्या, बाळ जेमतेम सहा महिन्यांचं असताना. अर्धवेळ शिक्षण आपल्याकडं नाही असं नियम म्हणतो, पण ते आहे. फक्त ते उधारीवर चालतं आणि व्याज मैत्रिणी भरतात. ज्या युनिटमध्ये सीनियर समजूतदार, तिथं जमतं. जिथं नाहीत, तिथं पोरगी राजीनाम्याचा विचार करते आणि जागा सोडण्याच्या बंधपत्रातल्या रकमेचा आकडा पाहून गप्प बसते. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या २०१५ च्या संपातल्या मागण्यांत विद्यावेतन आणि सुरक्षेच्या बरोबरीनं प्रसूती रजा होती, क्षयरोगाची रजाही होती. ज्या वॉर्डात क्षयरोगी तपासायचे, तिथंच तो जडायचा आणि त्यासाठी रजा मागायला संप करावा लागायचा.

पूर्णवेळचा आग्रह शिक्षणासाठी आहे, असं सांगितलं जातं. माझा त्यावर पुरता विश्वास नाही. मराठवाड्यातली सरकारी रुग्णालयं निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर उभी आहेत, हे त्यामागचं खरं कारण. नांदेडचं कॉलेज १९८८चं, लातूरचं सरकारी कॉलेज २००२चं. दोन्हींना आज या भागानं दिलेल्या मुख्यमंत्र्यांची नावं आहेत: शंकरराव चव्हाण आणि विलासराव देशमुख. नावं मोठी, इमारती मोठ्या, पण नांदेडच्या विष्णुपुरीतल्या रुग्णालयात काय घडू शकतं हे राज्यानं ऑक्टोबर २०२३ मध्ये पाहिलं. चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात बालकं. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. औषधांचा तुटवडा, रिक्त पदं, मंजूर खाटांपेक्षा किती तरी जास्त रुग्ण अशी कारणं पुढं आली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. एका खासदारानं अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं आणि चार दिवस चर्चा त्याचीच झाली. त्या रात्री वॉर्डात कोण उभं होतं, किती तासांपासून उभं होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

अशा ठिकाणी एखादीला ६० टक्के करायचं, तर उरलेल्या ४० टक्के रात्री कुणी करायच्या, हे आधी ठरवावं लागतं. म्हणजेच तिथं किती माणसं मुळातच कमी आहेत, हे कागदावर लिहावं लागतं.

ब्रिटननं हे लिहायला सुरुवात केली ती रोझमेरी रू या बाईंमुळं. लंडनच्या रॉयल फ्रीमध्ये शिकत असताना लग्न केलं म्हणून त्यांना ते कॉलेज सोडावं लागलं. पुढं डॉक्टर झाल्या, पोलिओनं गाठलं, दोन मुलं एकटीनं वाढवली. साठच्या दशकात ऑक्सफर्ड विभागाच्या आरोग्य प्रशासनात असताना त्यांच्या लक्षात आलं, की डॉक्टर होऊन संसारात पडलेल्या कितीतरी बाया घरी बसून आहेत आणि रुग्णालयं मात्र डॉक्टर नाहीत म्हणून रडतायत. त्यांनी या बायकांसाठी अर्धवेळ प्रशिक्षणाच्या जागा तयार केल्या. दया म्हणून नव्हे, मनुष्यबळ हवं होतं म्हणून. पुढं ती पद्धत देशभर गेली. २०१७ मध्ये इंग्लंडनं आपत्कालीन विभागातल्या प्रशिक्षणार्थींना कारण न विचारता कमी वेळ काम करण्याची मुभा प्रयोग म्हणून दिली. सर्वांत जास्त ओढाताणीची शाखा, लोक सोडून जात होते, म्हणून सुरुवात तिथून. आज तिथं कोणत्याही शाखेतला डॉक्टर, पुरुषसुद्धा, असा अर्ज करू शकतो.

यातली कारागिरी साधी आहे. ६० टक्के वेगानं गेलं तर तीन वर्षांचं शिक्षण पाच वर्षांत होतं, ८० टक्क्यांनी गेलं तर पावणेचार वर्षांत. पगार त्याच प्रमाणात, रात्रपाळ्याही त्याच प्रमाणात. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण रात्री टाळून शल्यविशारद होता येत नाही. कधी दोघी मिळून एक जागा भरतात, प्रत्येकी ६० टक्के. विभागाला एकाच्या जागी जवळजवळ सव्वा माणूस मिळतो आणि दोघींची ड्युटी एक दिवस जुळते, त्या दिवशी एकमेकींना रुग्ण समजावून देता येतात.

आक्षेप आहेत, आणि सगळेच जुनाट नाहीत. हात सवयीनं बसतो. तीन दिवसांच्या खंडानं सिझेरियन शिकता येईल का, हा स्त्रीरोग विभागातल्या कुठल्याही मॅडमचा प्रश्न रास्त आहे. रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडं सोपवताना काहीतरी सुटतं, हेही खरं. न्यूयॉर्कमध्ये १९८४ मध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली, तिच्यावर थकलेल्या निवासी डॉक्टरांनी उपचार केले होते. त्यावरून झालेल्या गदारोळातून पुढं २००३ मध्ये सगळ्या अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. पण त्या मर्यादेत राहून सलग पाळीचं बंधन सैल केलं तरी शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे मृत्यू वाढत नाहीत, असं २०१६च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणजे तास कमी केले की रुग्ण आपोआप जास्त वाचतात, असा दावा मी करणार नाही. डॉक्टर वाचतात, टिकतात, एवढाच माझा दावा आहे, आणि किनवटच्या रुग्णासाठी तो पुरेसा आहे.

एक विसंगती मात्र खटकते. मुंबईच्या मोठ्या पालिका रुग्णालयांत अनेक दशकं मानद डॉक्टरांची पद्धत होती: सकाळी वॉर्ड आणि शिकवणं, संध्याकाळी स्वतःचं कन्सल्टिंग. गुरू अर्धवेळ चालत होते, त्यांच्या हाताखाली उत्तम सर्जन तयारही झाले. आजही एमडी हातात पडली, की हीच मुलगी नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये अकरा ते तीन बसली तर तिला कुणी काही विचारत नाही. आणि आयोगाचा नवा अभ्यासक्रम म्हणतो, की मोजायची ती क्षमता, केवळ वर्षं नव्हेत. मग लॉगबुकातली कामं आणि परीक्षा दोन्ही पुऱ्या होत असतील, तर ती तीनऐवजी पाच वर्षांत झाली म्हणून काय बिघडतं?

बिघडतं ते जागांच्या हिशेबात. आपल्याकडं पदव्युत्तर जागा गाईड आणि खाटांच्या प्रमाणात मोजून मिळतात. पाच वर्षं राहणारी विद्यार्थिनी पुढच्या बॅचची जागा अडवते, तेव्हा तिला मोजणीबाहेर धरायची तरतूद हवी. विद्यावेतनाचा एकूण खर्च तोच राहतो, फक्त पाच वर्षांत वाटला जातो. खरा वाढीव पैसा लागेल तो रात्रीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी, आणि ती पदं भरायला तसंही हवीच आहेत. सुरुवात म्हणून बाळंतपणाहून किंवा क्षयरोगातून परतणाऱ्यांना सहा महिने ८० टक्के, एवढंच करून पाहता येईल. जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी प्रत्येकाला तीन महिने बाहेर पाठवूनही विभाग चालतात. तारखा आधी माहीत असतात आणि लिस्ट तशी लावली जाते, म्हणून ते जमतं.

अडचण अशी, की नियम दिल्लीतल्या आयोगाचा, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आणि विद्यावेतन राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचं. लातूरच्या एखाद्या जेआर-टूनं उद्या असा अर्ज लिहिलाच, तर वर ‘प्रति’ म्हणून या तिघांपैकी कुणाचं नाव घालायचं, हे तिच्या एचओडींनाही सांगता येणार नाही.