पानासोबत आलेली अक्षरे

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मराठी दैनिके इंटरनेटवर येऊ लागली, तेव्हा पहिल्या बातमीच्याही वर एक सूचना असे: मराठी नीट दिसत नसल्यास इथून फॉन्ट उतरवून घ्या. फाइल उतरवायची, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकायची, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा. दुसरे दैनिक वाचायचे तर दुसरा फॉन्ट. परदेशात कचेरीच्या संगणकावर गावाकडची बातमी शोधणाऱ्याला त्या यंत्रात काही बसवण्याची मुभाच नसे, आणि मग पडद्यावर उरे ती रोमन अक्षरे, स्वरचिन्हे आणि चलनांच्या खुणा यांची अर्थहीन रांग. वेबपानासोबत फॉन्टही आपोआप पाठवावा ही कल्पना अमेरिकेत निघाली ती पान देखणे व्हावे म्हणून. मराठी वाचकाला मात्र तिच्यावाचून मजकूरच दिसत नव्हता. पुढच्या पंचवीस वर्षांत यासाठी जे फाइलप्रकार आले आणि गेले, त्यांची गोष्ट इंग्रजीत पुष्कळदा सांगून झाली आहे. मराठीच्या बाजूने ती वेगळी दिसते.

मुळात हे करावे का लागले? विंडोज ९५ आणि ९८ सोबत देवनागरी फॉन्ट येतच नसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे सांकेतिक मानक १९९१ मध्ये ठरले होते, सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण सर्वसामान्य संगणकाला त्यांतले काहीच कळत नव्हते. छपाईच्या धंद्याने आपली वाट आधीच काढली होती. पुण्यातल्या सी-डॅकचे आयएसएम आणि त्याच शहरातल्या मॉड्युलर कंपनीचे श्रीलिपी या प्रणालींवर डीटीपीवाल्यांची एक पिढी वाढली. या फॉन्टची रीत अशी की रोमन लिपीसाठी राखलेल्या २५६ घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे: अर्धा क, काना, रफार, वेलांटी, काही तयार जोडाक्षरे. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर. डोळ्यांना दिसे मराठी. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. छापखान्यात याने काही बिघडत नसे, कारण तिथे शेवटी कागदच बाहेर पडायचा. वेबवर मात्र कागद नव्हता, वाचकाकडे तोच फॉन्ट असणे भाग होते.

१९९७ मध्ये दोन उत्तरे एकदम आली. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीत बिटस्ट्रीम कंपनीचे ट्रूडॉक तंत्र होते. त्याच्या फाइलला पीएफआर म्हणत. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने, त्याच्याही चौथ्या आवृत्तीत, ईओटी आणला, म्हणजे एम्बेडेड ओपनटाइप. पीएफआर अक्षरांच्या बाह्यरेषा नव्याने नोंदवून घेई, मूळ फॉन्टची फाइल पुढे देतच नसे. ईओटीमध्ये मूळ ट्रूटाइप फॉन्टच आत असे. हवे तर मोनोटाइपच्या पद्धतीने दाबून लहान केलेला, आणि ज्या संकेतस्थळासाठी बनवला त्याचा पत्ता कपाळावर लिहिलेला. पत्ता जुळला नाही तर ब्राउझर फॉन्ट उघडायचा नाही. १९९८ च्या मे महिन्यात, पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या दुसऱ्या पातळीत, पानासोबत फॉन्ट मागवणारा फॉन्ट-फेस हा नियमही आला. मात्र फाइल कोणत्या प्रकारची असावी याबद्दल त्यात एकमत नव्हते, आणि पुढची दहा वर्षे त्या एका अनुत्तरित मुद्द्यावर गेली.

मराठी, हिंदी, तेलुगू, मल्याळम अशा भाषांच्या संकेतस्थळांना वाट पाहणे परवडणारे नव्हते. त्यांनी या फाइली ताबडतोब हाती घेतल्या, आणि ‘डायनॅमिक फॉन्ट’ हा शब्द आपल्याकडच्या वेबवाल्यांच्या तोंडी बसला. पानाच्या सुरुवातीला दोन ओळी, एक पीएफआरसाठी आणि एक ईओटीसाठी. वाचकाने काही न बसवता मराठी दिसू लागे. पाश्चात्त्य रचनाकारांनी हे तंत्र फारसे वापरले नाही. त्यांचे काम व्हर्डाना आणि जॉर्जिया या तयार फॉन्टांवर भागत होते. वेबफॉन्टवर खऱ्या अर्थाने विसंबून रोजचे काम चालवणाऱ्यांत भारतीय वृत्तपत्रे अगदी आघाडीवर होती. वेबच्या इतिहासात याची दखल फारशी घेतली जात नाही आणि मला ती घ्यायला हवी असे ठामपणे वाटते.

पण त्या सोयीच्या पोटात मोठे नुकसान होते. फॉन्ट पानासोबत आला, तरी पानावरचा मजकूर मराठी नव्हताच. मराठीसारखे दिसावे असे रोमन संकेत होते. शोधयंत्राला त्यात ‘पाऊस’ सापडत नसे. दोन ओळी उचलून ईमेलमध्ये चिकटवल्या की कचरा होई. शब्दकोश, वर्णक्रम, अंधांसाठीचे वाचनयंत्र, काहीच चालत नसे. नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीने २००० मध्ये पीएफआरचा आधार सोडला आणि त्या फाइलीवर विसंबलेली पाने तिथे पुन्हा निरर्थक झाली. म्हणजे मजकूर वाचता येणे हे एका कंपनीच्या आवृत्तीवर टांगलेले होते. अक्षराचा आकार आणि अक्षराची ओळख या दोन गोष्टी एकाच फाइलीत कोंबल्या की असेच होणार. यात त्या वेळच्या लोकांना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण त्या दशकात मराठीत जे रोज लिहिले गेले त्याचा किती भाग आज कोणालाही शोधून काढता येत नाही, हे आठवले की जीव कळवळतो.

सुटका आली ती फॉन्टच्या फाइलीकडून नाही, तर युनिकोडकडून. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा आधार आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो रेखाटला र. कृ. जोशी यांनी: कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातले शिक्षक. एक्सपीमध्ये ही सोय सुरुवातीला झोपलेली असे, सेटिंगमध्ये जाऊन आणि बहुधा सीडी घालून ती जागी करावी लागे. तरी एकदा ती झाली की मराठी मजकूर मराठी म्हणूनच साठवता येऊ लागला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच बळावर. वृत्तपत्रेही काही वर्षांत एकेक करून युनिकोडवर आली. पानासोबत फॉन्ट पाठवण्याची गरजच उरली नाही, कारण मंगल यंत्रातच होता. लहान आकारातही न गिचमिडणारा हा प्रामाणिक फॉन्ट होता. पण त्यामुळे अग्रलेख, कविता, शेअरबाजार, श्रद्धांजली, सारे काही वर्षानुवर्षे एकाच चेहऱ्याने वाचावे लागले. छापील मराठीची जी श्रीमंती होती, निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांपासून दिवाळी अंकांच्या शीर्षकांपर्यंतची, तिचा वेबवर मागमूस नव्हता.

तिकडे पश्चिमेत पानासोबतच्या फॉन्टचा प्रश्न पुन्हा वर आला. मार्च २००८ मध्ये ॲपलच्या सफारी ३.१ ने साधी ट्रूटाइप किंवा ओपनटाइप फाइलच पानासोबत स्वीकारायला सुरुवात केली. २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ आणि ऑपेरा १० मागोमाग आले. फॉन्ट बनवणारे हादरले. वर्षानुवर्षे कष्ट करून घडवलेली फाइल सर्व्हरवर उघडी ठेवायची आणि कोणीही ती उचलून आपल्या संगणकात बसवायची, हे त्यांना कसे मान्य व्हावे? मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ईओटी डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेपुढे ठेवला होता, पण पत्ता तपासणारी फाइल बाकीच्यांना नको होती. मधली वाट तीन माणसांनी काढली. टाल लेमिंग आणि एरिक व्हान ब्लोकलंड हे फॉन्टच्या जगातले, जोनाथन क्यू मोझिलाचा. दोघांचा एक प्रस्ताव आणि क्यूचा दुसरा, असे एकत्र होऊन २००९ मध्ये वॉफ, म्हणजे वेब ओपन फॉन्ट फॉरमॅट, हा फाइलप्रकार जन्मला.

क्यू हा माणूस आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. गुंतागुंतीच्या लिप्यांची अक्षरजुळणी सुकर करणारे झीटेक त्यानेच लिहिले होते. जोडाक्षरे, वर-खाली बसणाऱ्या मात्रा, जागा बदलणारी वेलांटी हे त्याच्यासाठी अपवाद नव्हते, रोजचे काम होते. वॉफची रचनाही तशीच सरळ: ओपनटाइप फॉन्टमधला प्रत्येक तक्ता जसाच्या तसा घ्यायचा, झेडलिबने दाबायचा, परवान्याची माहिती लिहायला जागा ठेवायची. कुलूप नाही. फक्त ही फाइल नुसती दोनदा क्लिक करून संगणकात बसत नाही, एवढाच आडोसा. फॉन्टवाल्यांनी तेवढ्यावर समाधान मानले, हा त्या साऱ्या वादातला मला सर्वांत शहाणपणाचा क्षण वाटतो. जानेवारी २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६ ने आणि मार्च २०११ मध्ये खुद्द इंटरनेट एक्स्प्लोरर ९ ने तो स्वीकारला, आणि १३ डिसेंबर २०१२ रोजी वॉफ डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाला.

मधल्या काळात वेबवाल्यांना एकाच फॉन्टच्या चार-चार फाइली ठेवाव्या लागत: जुन्या एक्स्प्लोररसाठी ईओटी, नव्यांसाठी वॉफ, काहींसाठी ट्रूटाइप, जुन्या आयफोनसाठी एसव्हीजी. याच सुमारास, जुलै २०१० मध्ये, रुपयाचे नवे चिन्ह जाहीर झाले. कुठल्याच यंत्रात ते नव्हते, म्हणून मंगळूरच्या फोराडियनने ते कळफलकावरच्या एका बिनकामाच्या खुणेच्या जागी बसवलेला फॉन्ट काढला. जुनी युक्ती पुन्हा तशीच वर आली. या वेळी ऑक्टोबरातच युनिकोडने चिन्हाला स्वतःची जागा दिली, म्हणून ती फार पसरली नाही.

देवनागरीसाठी वॉफ आल्याने सगळे सुरळीत झाले असेही नाही. युनिकोडमध्ये जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक नसतो. क, हलन्त, ष असे तीन संकेत मिळून ‘क्ष’ होतो, आणि तो कसा करायचा हे फॉन्टमधल्या जीसब नावाच्या तक्त्यात लिहिलेले असते. क्रोममध्ये वेबफॉन्टची आधी सुरक्षा-तपासणी होई, आणि सुरुवातीच्या काळात ती तपासणी हे जुळणीचे तक्तेच गाळून टाकी. रोमनला फरक पडत नसे; आपले शब्द हलन्त दाखवत सुटे पडत. फाइल लहान करणारी काही साधनेही क्रमांक असलेलीच अक्षरे ठेवत, त्यामुळे जोडाक्षरे बाहेर फेकली जात. मोबाइलवर तर अक्षरे जुळवणारे यंत्रच नसे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत, आणि फॉन्ट पाठवला तरी वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला राही. ऑपेरा मिनीत एक आडबाजूची सेटिंग होती, जी सुरू केली की कंपनीचा सर्व्हर मजकुराचे चित्र काढून पाठवी. कितीतरी जणांनी मोबाइलवरची पहिली मराठी अशी चित्ररूपाने वाचली.

गूगलने मे २०१० मध्ये फॉन्टचा मोफत साठा खुला केला; देवनागरीला त्यात खरी गर्दी झाली ती २०१४ च्या आसपास. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त आणि बालू, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, पॉपिन्स, तेको. आज मराठी संकेतस्थळांवर यांपैकी एखादा दिसणे नेहमीचे झाले आहे. त्यांना वेग दिला तो वॉफ २ ने. गूगलच्या ब्रॉटली पद्धतीने दाबणे, आणि त्याआधी बाह्यरेषांची नोंद अधिक आटोपशीर करणे, अशा दुहेरी युक्तीने ही फाइल वॉफपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी लहान होते. १ मार्च २०१८ ला तिला मान्यता मिळाली. रोमन फॉन्टला जिथे दोन-अडीचशे आकृत्या पुरतात तिथे देवनागरीला जोडाक्षरांसह कितीतरी अधिक लागतात. तेव्हा ही बचत कोणाच्या पदरात जास्त पडली हे सांगायला नको. एकाच फाइलीत सगळी वजने सामावणारे व्हेरिएबल फॉन्ट २०१६ पासून आहेत. त्यांचा मराठी वापर अजून तरी तुरळक वाटतो.

मराठीचे स्वतःचे हट्टही आता पुरवता येतात. देठाचा श आणि पाकळीचा ल यांचा आग्रह राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात धरला. चांगल्या फॉन्टमध्ये ही रूपे भाषेच्या खुणेखाली आत असतात. पानाच्या कोडात भाषा मराठी आहे एवढे लिहिले की ती आपोआप दिसतात. बहुतेक मराठी संकेतस्थळे ते लिहीतच नाहीत, किंवा इंग्रजी लिहून मोकळी होतात. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ आजही एखाद्या फॉन्टमध्ये चुकीचा निघतो. हे तपासून घेणे संपादकांचे काम आहे, आणि त्यांनी ते तंत्रज्ञांवर सोडू नये.

जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला आणि ईओटी उघडणारा शेवटचा मोठा ब्राउझर गेला. त्या फाइलींवर उभी असलेली मराठी पाने वेबच्या संग्रहांत जिथे टिकली आहेत, तिथे ती रोमन कचऱ्यासारखी पडून आहेत. ती परत मिळवता येतात. ईओटीचे वर्णन २००८ च्या प्रस्तावामुळे सर्वांपुढे आहे आणि ती फाइल सोडवणारे लिबईओटी हे मुक्त साधनही आहे. फॉन्ट बाहेर काढायचा, कोणत्या घरात कोणता तुकडा आहे याचा तक्ता हाताने भरायचा, आणि मग क्रम उलगडायचा: जुन्या मजकुरात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिलेली असते, ती व्यंजनानंतर न्यायची, रफार अक्षरानंतर येतो, तो अक्षराच्या आधी आणायचा. एका फॉन्टचा तक्ता नीट झाला की त्या दैनिकाची त्या फॉन्टमधली सगळी वर्षे एकदम खुली होतात. त्यासाठी ईओटी किंवा मूळ ट्रूटाइप फाइल हाताशी हवी. त्या काळात वृत्तपत्रांत वेबचे काम केलेल्या कोणाच्या जुन्या सीडीवर ती असेल, तर ती आधी जपून ठेवावी आणि मग वृत्तपत्राच्या ग्रंथालयाला कळवावे.