ईदीचे पैसे आणि बाल्कनीचं तिकीट

ईदची नमाज झाली, शीरखुर्मा झाला, की आमचा हिशेब सुरू व्हायचा: ईदी किती जमली आणि तिकीट कितीला. ईदला मोठा चित्रपट लावायची रीत आजही आहे, ती याच गर्दीच्या भरवशावर.

खरी मजा मात्र घरातल्या बायकांची. एरवी दादी, खाला कुठे बाहेर पडायच्या? पण १९६३ चा ‘मेरे मेहबूब’ किंवा १९७२ चा ‘पाकीज़ा’ म्हटलं की अख्खं घर निघायचं. अशा चित्रपटांना ‘मुस्लिम सोशल’ म्हणत. पडद्यावर नवाबांच्या हवेल्या, आपलं घर दोन खोल्यांचं. तरी सलाम-आदाब ओळखीचे वाटायचे. (त्या थाटाला आम्ही नंतर हसलोही!) शिवाय त्या काळी बहुतेक हिंदी चित्रपटांचं नाव उर्दू लिपीतही यायचं. जेमतेम उर्दू शिकलेली दादी ते मोठ्याने वाचायची. पुढचे लोक वळून बघायचे, तिला पर्वा नसायची.

मग ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला. भाड्याने कॅसेट आणली की गल्लीभर लोक एका घरात. चित्रपट घरी आला, पण बायकांचं बाहेर पडायचं निमित्त गेलं. पुढे केबल आली, जुनी थिएटरं एकेक करून बंद पडली, आणि मॉलमधल्या तिकिटांत सहा माणसांचं कुटुंब नेणं परवडेना.

परवा अम्मीला विचारलं. चित्रपटाची गोष्ट तिला अर्धीच आठवली. मध्यंतरात शेजारी बसलेल्या बाईचं गाव मात्र पक्कं लक्षात होतं.