चिखल कुणावर, मत कुणाला?

मागे पडलेल्या उमेदवाराला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि सल्ला बहुधा एकच असतो: समोरच्याला झोडपा, कुंपणावरचे आपोआप आपल्याकडे येतील. यातला ‘आपोआप’ मला खटकतो. टीकेने मत सैल होते. पण सैल झालेले मत टीकाकाराच्याच पदरात पडते असे नाही.

रिचर्ड लाउ आणि सहकाऱ्यांनी 2007 साली अशा 111 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. टीका लक्षात राहते, हे त्यांना दिसले. ती करणाऱ्याला मते मिळवून देते, याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. गलासो, नान्निचीनी आणि नुन्नारी यांनी तर इटलीत नगराध्यक्षपदाच्या एका खऱ्या निवडणुकीतच प्रयोग केला. एकाने दुसऱ्यावर तोफ डागली, फायदा झाला तिसऱ्याचा!

शहापूर आणि मुरबाड ज्यात येतात त्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात 2024 मध्ये बाळ्यामामा म्हात्रे यांनी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांचा 66,121 मतांनी पराभव केला. अपक्ष निलेश सांबरे यांना 2,31,417 मते पडली. ही सारी मते दोघांच्या भांडणाला विटलेल्यांची, असे म्हणणे धाडसाचे. सांबरे यांच्या जिजाऊ संस्थेचे काम त्यामागे होतेच. पण वैतागलेल्याला तिसरे दार उघडे होते.

विधानसभेची गंमत वेगळी. शहापुरात 2014 साली दौलत दरोडा शिवसेनेचे, पांडुरंग बरोरा राष्ट्रवादीचे. 2019 ला नेमके उलट. 2024 ला दोघे राष्ट्रवादीच्या दोन गटांतून लढले आणि दरोडा 1,672 मतांनी निवडून आले. आता पक्षबदलावरून कुणी कुणाला बोलायचे? शेणव्याच्या नाक्यावर हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. ठाऊक असलेल्या गोष्टीने काठावरचा मतदार हलत नाही.

मग घरगुती भानगडी उकरल्या जातात. चारित्र्यावरचा आरोप जाणूनबुजून खोटा केला असेल तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 123(4) नुसार तो भ्रष्ट आचार ठरतो. जिंकलेली निवडणूकही रद्द होऊ शकते.

माझ्या मते टीका चालते ती पडताळता येणारी, आणि तीही अर्धीच. भातसा, तानसा शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला, उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. ‘इतक्या वर्षांत इथे नळ का नाही?’ हा प्रश्न आमदाराला अडचणीत आणतो. तो विचारणाऱ्याने लगेच पुढे सांगायला हवे, की आपण पाणी कोणत्या योजनेतून, कधीपर्यंत आणणार. प्रचारसभांत नेमका हाच भाग गाळला जातो.